तुळशीखालची फळी : दादरमधील एका सागवानी डेकची दुरुस्ती

दादरच्या चौपाटीपासून दोन गल्ल्या आत असलेल्या एका चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावरील घराला पश्चिमेकडे उघडणारी गच्ची आहे, आणि या गच्चीवर २०१४ साली १४ फूट लांब व सुमारे ११ फूट रुंद असा सागवानी डेक बसवण्यात आला होता. घरात काका आणि काकू दोघेच राहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी मला बोलावले तेव्हा त्यांची मागणी साधी होती: दिवाळीच्या आत डेकला पॉलिश करून मिळावे. जुनी लाकडी दारे, खिडक्या आणि जिने दुरुस्त करण्याचे काम मी करते, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर येणारी अशी मागणी मला नवी नव्हती. प्रत्यक्षात हे काम जानेवारीच्या अखेरीस संपले आणि डेकला पॉलिश केलेच नाही. ते तसे का झाले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, याची ही नोंद आहे.

या घरात लाकडाकडे दुर्लक्ष झाले होते असे कोणीही म्हणू शकणार नाही. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस काका डेकवर निळी ताडपत्री अंथरून कडेने विटा ठेवत आणि ती थेट नवरात्रात काढत. त्यानंतर दिवाळीपूर्वी रंगारी येऊन वरवर पॉलिश पेपर मारून पारदर्शक पॉलियुरेथेन वार्निशचा एक हात देऊन जाई. ही निगा सलग नऊ वर्षे अखंड राखली गेली होती. तरीही डेकवर मधोमध खुर्चीचा पाय एका फळीत रुतला होता, वार्निशचे पापुद्रे तळव्यांना टोचत होते, आणि कडेच्या फळ्या राखेसारख्या करड्या झाल्या होत्या. काकूंना सर्वांत जास्त दुःख या करड्या फळ्यांचे होते. "अगं, तिकडचं सागवान तर पार मेलंय," असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

तपासणी तिथूनच सुरू केली. ताडपत्री डेकपेक्षा आकाराने लहान असल्याने पश्चिमेकडील कठड्यालगतची सुमारे दोन फुटांची पट्टी दरवर्षी उघडीच राहत होती. या पट्टीला वार्निशचा लवलेश उरला नव्हता. तिने नऊ पावसाळ्यांचे पाणी आणि नऊ उन्हाळ्यांचे ऊन थेट अंगावर घेतले होते. त्या पट्टीतील एका फळीवर सुतारमिस्त्रींनी पटाशी आडवी धरून बोटभर जागेत वरचा थर खरवडला. जेमतेम अर्धा मिलिमीटर करडा भुगा निघाला आणि खाली मधाच्या रंगाचे, घट्ट, सागाच्या तेलकट वासाचे लाकूड दिसले. पेचकसाचे टोक जोर देऊनही आत गेले नाही. नंतर हाच प्रयोग ताडपत्रीखाली सुरक्षित राहिलेल्या मधल्या भागात केला. तिथे रंग वरून अजून तपकिरी होता, वार्निशही जागोजागी शाबूत होते. पण पापुद्रा उचलल्यावर खाली काळपट डाग होते आणि दोन ठिकाणी पेचकस विशेष जोर न लावता पाच-सहा मिलिमीटर आत गेला. एकाच झाडाच्या, एकाच दिवशी बसवलेल्या फळ्या, त्यांपैकी उघड्यावर राहिलेल्या धडधाकट आणि झाकलेल्या कुजू लागलेल्या, हे त्या गच्चीवर शेजारी शेजारी दिसत होते. या प्रकरणातील माझे पुढचे सगळे निर्णय त्या दोन खरवडलेल्या जागांवर उभे आहेत.

करडेपणा आणि कूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की खर्च चुकीच्या जागी होतो. लाकडाच्या तंतूंना एकत्र बांधून ठेवणारा लिग्निन हा घटक सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी विघटित होतो, पावसाचे पाणी तो धुऊन नेते आणि पृष्ठभागावर सेल्युलोजचे सुटे, फिकट तंतू उरतात. त्यावर सूक्ष्म बुरशीचे ठिपके पडले की ठरावीक करडा रंग येतो. हा प्रकार अतिशय वरवरचा असतो. उघड्यावरील कठीण लाकडाची या मार्गाने होणारी झीज शंभर वर्षांत काही मिलिमीटरांपलीकडे जात नाही. कूज मात्र बुरशीमुळे आतून होते, आणि या बुरशीला ऊन लागत नाही, ओल लागते. लाकडातील ओलावा सातत्याने २० टक्क्यांच्या वर राहू लागला की धोका सुरू होतो आणि ३० टक्क्यांच्या सुमारास, म्हणजे तंतूंच्या भिंती पूर्ण भिजल्यावर, कुजण्याची क्रिया जोर धरते. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर मानली जाते. या चार महिन्यांत ताडपत्रीखालील फळ्यांवर पाऊस थेट पडत नव्हता हे खरे, परंतु कडेने शिरलेले पाणी आणि खालच्या कोब्यातून उठणारी वाफ त्यांच्याखाली कोंडून राहत होती. दोन सरींच्या मध्ये जे तासभर वारे आणि ऊन मिळते, ते फक्त त्या दोन फुटांच्या पट्टीला मिळत होते.

सर्वांत वाईट स्थिती वायव्येच्या कोपऱ्यात होती. तिथे तुळशीची मोठी मातीची कुंडी थाळीसकट थेट फळ्यांवर ठेवलेली होती आणि तिला रोज सकाळी पाणी घातले जात होते. मिस्त्री आणि त्यांचा मदतनीस या दोघांनी कुंडी उचलून कोब्यावर ठेवली, तेव्हा खाली एक काळे वर्तुळ दिसले, त्याची कड कंपासाने काढल्यासारखी स्पष्ट. मिस्त्रींनी पेचकस वर्तुळाच्या मध्यावर टेकवला आणि तो स्वतःच्या वजनाने आत जाऊ लागला. फळी २५ मिलिमीटर जाडीची होती. त्यातील जवळपास २० मिलिमीटर गेलेली होती. फळी पलटली तेव्हा पाठीवर पांढऱ्या बुरशीचे पंख्यासारखे जाळे पसरलेले होते आणि तंतू ओल्या पुठ्ठ्यासारखे बोटांनी सुटून येत होते. मिस्त्री एवढेच म्हणाले, "मॅडम, सगळ्या फळ्या पाठीकडून बघू या. वरून बघून काही कळायचं नाही." त्यांचे म्हणणे मला पटले. डेक जागच्या जागी घासून द्यावा हा विचार तिथेच सोडला आणि पूर्ण डेक उचलण्याचे ठरले.

डेक २३ रांगांचा होता. प्रत्येक रांगेत दोन तुकडे, म्हणजे ४६ फळ्या, सुमारे साडेपाच इंच रुंदीच्या. खाली फळ्यांना आधार देणाऱ्या ११ आडव्या लाकडी पट्ट्या, म्हणजे बॅटन, आणि प्रत्येक ठिकाणी दोन याप्रमाणे साडेपाचशेच्या आसपास स्क्रू. मुलामा दिलेले साधे लोखंडी स्क्रू समुद्रापासून इतक्या जवळ नऊ वर्षांत जितके गंजायचे तितके गंजले होते. बऱ्याच स्क्रूंची डोकी पेचकस लावताच तुटली, आणि उरलेली दांडी कापण्यासाठी मदतनिसाला फटींतून हॅक्सॉचे पाते घालून दोन दिवस बसावे लागले. प्रत्येक स्क्रूभोवती निळसर काळा डाग होता. हा डाग कुजण्याचा नसून सागातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने होणारा शाईसारखा डाग असतो, जुन्या सागवानी दारांच्या कडीकोयंड्यांभोवतीही तो दिसतो, आणि तो रसायनाने जातो.

फळ्या निघाल्यावर मूळ दोष दिसला. गच्चीचा कोबा पूर्वेकडून पश्चिमेकडे, कोपऱ्यातील जाळीच्या दिशेने उतरता आहे. बॅटन या उताराला आडव्या, थेट कोब्यावर टेकवून बसवलेल्या होत्या. त्यामुळे डेकखाली अकरा छोटे बांध तयार झाले होते आणि प्रत्येक बांधामागे पाने, माती, कबुतरांची पिसे आणि ओला चिखल साचलेला होता. फळ्यांमधील फट अवघी दोन मिलिमीटर ठेवलेली असल्याने ती मातीने बुजून गेली होती. बॅटनसाठी वापरलेल्या लाकडात बाहेरचा पांढरा, कच्चा भाग भरपूर होता. सागाला जी कीर्ती आहे ती त्याच्या गाभ्याला आहे. गाभ्यातील नैसर्गिक तेलकट द्रव्ये वाळवी आणि बुरशीला दूर ठेवतात, कच्चा भाग मात्र कोणत्याही साध्या लाकडासारखा कुजतो. ज्या ठेकेदाराने हे काम केले त्याने दिसणाऱ्या फळ्यांत चांगला साग घातला आणि न दिसणाऱ्या बॅटनमध्ये कच्चे लाकूड. दिसणाऱ्या भागाचे आयुष्य न दिसणाऱ्या भागावर अवलंबून असते, हे ज्याला ठाऊक असायला हवे त्याने असे करावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. ऑक्टोबरच्या अखेरीस मॉइश्चर मीटरने घेतलेल्या नोंदी उघड्या पट्टीत १५ ते १६ टक्के, मधल्या भागात १९ ते २२ टक्के आणि तुळशीखाली २८ टक्के होत्या. या आकड्यांवर कोणताही लेप देणे म्हणजे ओल आत ठेवून वरून झाकण लावणे होते, आणि नऊ दिवाळ्या नेमके तेच होत आले होते. काकांना ही गोष्ट आकड्यांवरून लगेच पटली. काकूंना ती पटवणे कठीण गेले, कारण दिवाळी नाही तर निदान तुळशीच्या लग्नापर्यंत तरी डेक तयार व्हावा अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना ती काळ्या वर्तुळाची फळी हातात दिली आणि शेजारी कठड्याकडची "मेलेली" फळी दिली. दोन्हींच्या वजनातला फरक त्यांना हातालाच कळला. त्या वर्षी तुळशीचे लग्न उघड्या कोब्यावर, उसाचा मांडव घालून लागले आणि फळ्या शेजारच्या भिंतीला रचलेल्या होत्या.

फळ्या सुकवण्याबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण घाई इथेच केली जाते. ओली फळी उन्हात उघडी टाकली तर वरचा थर आधी आकसतो, आतला फुगलेला राहतो आणि फळी भेगाळते किंवा वाकते. म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक फळीवर खडूने रांग आणि तुकड्याचा क्रमांक घातला, त्या घराच्या उत्तरेकडील भिंतीच्या सावलीत थरांनी रचल्या, दोन थरांमध्ये दीड-दीड फुटावर सारख्या जाडीच्या रिपा घातल्या आणि वरच्या थरावर जुन्या लाद्या वजन म्हणून ठेवल्या. वर फक्त एक पत्रा तिरपा टाकला, बाजू पूर्ण मोकळ्या ठेवल्या. मुंबईच्या पावसाळी हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या सुमारास असते तेव्हा छपराखाली कोरड्या जागी ठेवलेले लाकूडही १७-१८ टक्के ओलावा धरून राहते. थंडीत आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर उतरली की तेच लाकूड ११-१२ टक्क्यांकडे येते. त्यामुळे या शहरात उघड्यावरील लाकडाला तेल द्यायचा खरा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी हा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा आठवड्यांनी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, चांगल्या फळ्यांची नोंद १३ ते १४ टक्के आली.

साफसफाईपूर्वी छाननी झाली. ४६ पैकी ७ फळ्या बाद ठरल्या. ५ फळ्यांचा वरचा भाग खराब पण पाठ उत्तम होती, त्या उलट्या बसवायचे ठरले. उरलेल्या ३४ फळ्या केवळ स्वच्छ करून वापरण्याजोग्या निघाल्या. सगळा डेक बदलून द्या, असे या घरी याआधी दोन जणांनी सुचवले होते, ही गोष्ट मला नंतर कळली.

बदली फळ्यांसाठी जुने सागवान घेतले. मुंबईत जुन्या चाळी आणि वाडे पाडताना निघालेल्या तुळया आणि वासे वखारींत मिळतात, आणि रे रोडच्या बाजूला असलेल्या लाकूडबाजारात शोधले तर गाभ्याचे, अनेक दशके सुकलेले लाकूड हाती लागते. सात फळ्यांना प्रत्यक्षात दोन घनफूट लाकूड पुरत होते. तूट आणि भेगा धरून तीन घनफूट घेतले. अशा लाकडात जुने खिळे तुटून राहिलेले असतात आणि एक खिळा करवतीच्या पात्याचे दात घालवतो, म्हणून चिराईपूर्वी प्रत्येक तुळईवरून लोहचुंबक फिरवून खिळ्यांच्या जागा खडूने गोल करून घेतल्या आणि पटाशीने उकरून खिळे काढले. सागात सिलिका असल्याने तो हत्यारांची धार तशीही लवकर खातो. मिस्त्रींना रंध्याचे पाते दिवसातून तीनदा परजावे लागत होते.

जुने वार्निश खरवडून काढल्यानंतर फळ्या धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट वापरले. कपड्यांवरचे डाग काढणाऱ्या 'ऑक्सी' प्रकारच्या पावडरींतील हा मुख्य घटक आहे. पाण्यात विरघळल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. एका लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम या प्रमाणात ते लावून, पंधरा-वीस मिनिटे फळी ओली राहील अशी काळजी घेऊन, नायलॉनच्या मऊ ब्रशने रेषेच्या दिशेने घासले आणि भरपूर पाण्याने धुतले. गाड्या धुण्याचा जोरदार पंप भाड्याने आणावा अशी सूचना इमारतीतील एका रहिवाशाने केली होती. ती मी नाकारली, कारण तो फवारा मऊ तंतू उखडतो आणि फळीवर कायमच्या नागमोडी चरी पाडतो. घरगुती क्लोरीनचे ब्लीचही वापरले नाही. ते बुरशीचा रंग घालवते, पण तंतूंनाही खाते, आणि पुढच्या पायरीतील आम्लाशी त्याचा चुकूनही संयोग झाला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

परकार्बोनेटमुळे साग काळसर पडतो, हे अपेक्षित होते. त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे पाणी फिरवले की रंग खुलतो आणि लोखंडाचे डागही निघतात. हे आम्ल प्रिन्सेस स्ट्रीटवरील रसायनांच्या दुकानात पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात सहज मिळते. ते विषारी आहे, म्हणून रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि पावडर पाण्यात मिसळताना नाकाला मास्क हे नियम मी सर्वांना घालून दिले होते. आम्लाचे धुवण पावसाळी पाइपमधून खालच्या अंगणातील झाडांच्या मुळाशी गेले असते, म्हणून ते बादल्यांत गोळा करून त्यात धुण्याचा सोडा घालून, बुडबुडे येणे थांबेपर्यंत थांबून, मगच भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडले.

या टप्प्यावर एक चूक झाली आणि तिची जबाबदारी माझी आहे. मदतनिसाला हातमोज्यांविषयी सांगितले, ब्रशविषयी सांगितले. मात्र स्वयंपाकघरातील तारेची घासणी वापरायची नाही, हे सांगायचे राहून गेले. चार फळ्यांवरील चिवट डाग त्याने मोठ्या मेहनतीने तारेच्या घासणीने काढले. संध्याकाळी त्या फळ्या सर्वांत स्वच्छ दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीच्या दवानंतर, त्याच चार फळ्यांवर मोहरी सांडल्यासारखे शेकडो काळे ठिपके उमटलेले होते. तारेचे डोळ्यांना न दिसणारे कण तंतूंत अडकून राहिले होते आणि दवाने त्यांची शाई झाली होती. आम्लाचे पाणी दोनदा द्यावे लागले, वर मिलिमीटरभर रंधून घ्यावे लागले, आणि दोन दिवस गेले. सागाजवळ कोणत्याही रूपातील लोखंड आणायचे नाही हे तेव्हापासून मी कामाच्या पहिल्या दिवशी तोंडी सांगते आणि भिंतीवर लिहूनही ठेवते.

पुन्हा सुकल्यावर फळ्या ६० आणि नंतर ८० नंबरच्या पेपरने घासल्या. त्याहून बारीक पेपर मुद्दाम वापरला नाही. घरातल्या टेबलासाठी १८० किंवा २२० नंबर योग्य असेल, पण डेकचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत केला की तेल मुरत नाही आणि ओल्या पायांना तो निसरडा होतो. सागाचा भुगा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधतो, त्यामुळे हे काम मास्क लावून आणि वाऱ्याकडे पाठ करून झाले.

आता खालच्या रचनेकडे येते. नव्या बॅटन गाभ्याच्या सागाच्या घेतल्या आणि आडव्याच ठेवल्या, कारण फळ्यांची दिशा बदलली असती तर सगळ्या फळ्या नव्याने कापाव्या लागल्या असत्या. मात्र त्या कोब्यावर टेकवल्या नाहीत. दोन-दोन फुटांवर काळ्या कडाप्प्याचे हाताएवढे तुकडे, त्यावर रबराची चकती आणि त्यावर बॅटन, अशी मांडणी केल्याने खालून २० मिलिमीटरचा मोकळा मार्ग तयार झाला. कोब्यात एकही छिद्र पाडले नाही. खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली की मुंबईच्या सोसायटीत काय काय होते, ते सांगायला नको. उंबरठा कोब्यापासून १२५ मिलिमीटर उंच आहे आणि नवा डेक ८५ मिलिमीटरच्या आतच राहिला, ही तपासणी मांडणीपूर्वी केली होती. फळ्यांमधील फट पाच मिलिमीटर ठेवली. १४० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी उन्हाळा ते पावसाळा या फेऱ्यात दीड मिलिमीटरच्या आसपास रुंदावते. फट त्यानंतरही उघडी राहिली पाहिजे आणि तीत अडकलेले पान काडीने काढता आले पाहिजे.

स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, दोन इंची, नागदेवी स्ट्रीटवरून आणले. ३०४ प्रतीत मॉलिब्डेनम नसते, ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असते, आणि खाऱ्या हवेत टिकाऊपणा येतो तो त्यामुळे. दोन्ही प्रती दिसायला सारख्या असतात आणि लोहचुंबकाने त्यांतला फरक कळत नाही, म्हणून खोक्यावर 'ए४' ही खूण पाहूनच माल घ्यावा. प्रत्येक छिद्र आधी गिरमिटाने पाडून घेतले, टोकाजवळ तर आवर्जून, कारण सुकलेला साग टोकाला चटकन चिरतो.

लेपाच्या निवडीवर काकांशी बराच वेळ चर्चा झाली. त्यांना चकाकी हवी होती. त्याआधीच्या पावसाळ्यात मी माझ्या खिडकीच्या छज्जावर सागाचे तीन तुकडे ठेवले होते: एकावर पारदर्शक पॉलियुरेथेनचे तीन हात, दुसऱ्यावर साधे जवसाचे तेल, तिसऱ्यावर तपकिरी रंगद्रव्य असलेले बाहेरच्या लाकडासाठीचे तेल. तिन्ही तुकडे मी त्यांच्यासमोर ठेवले. पहिल्यावर कडेने पापुद्रे सुटले होते आणि खाली पाणी शिरून काळे पट्टे आले होते. दुसरा बुरशीने काळवंडला होता, कारण कच्चे जवसाचे तेल बुरशीला खाद्यच पुरवते. तिसरा फिका पडला होता, पण सोललेला नव्हता. लाकूड फुगते आणि आकसते, कडक पारदर्शक थर तितका ताणला जात नाही. शिवाय अतिनील किरण त्यातून आरपार जाऊन थराखालच्या लिग्निनवर काम करतच राहतात. मुरणाऱ्या तेलातील रंगद्रव्य किरण अडवते, आणि तेल झिजले तर ते नुसते झिजते, घासण्याशिवाय वरून पुन्हा देता येते. काकांनी तिसरा तुकडा उचलला आणि खिशात ठेवला.

फळ्या बसवण्यापूर्वीच त्यांच्या पाठींना, कडांना आणि विशेषतः टोकांना तेल दिले, कारण पाणी टोकांतून सर्वांत जलद शिरते. वरचे दोन हात जानेवारीत दिले. सकाळी दव सुकल्यावर नऊच्या सुमारास सुरुवात करून अकराच्या आत थांबायचे, म्हणजे फळ्या तापलेल्या नसतात आणि रात्रीच्या दवापूर्वी तेलाला दिवसभर मिळतो. पहिल्या हाताला सुमारे दीड लिटर तेल लागले, दुसऱ्याला त्याच्या निम्मे. लावल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरले नाही ते फडक्याने पूर्ण पुसून घेतले. ते तसेच राहिले तर त्याचा चिकट थर होतो, त्यात धूळ बसते आणि आपण टाळू पाहत असलेला पापुद्रा पुन्हा तयार होतो. या फडक्यांबाबत एक इशारा द्यायलाच हवा. सुकणाऱ्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर हवेशी होणाऱ्या क्रियेतून उष्णता साठत जाते आणि कोणीही काडी न लावता तो पेट घेऊ शकतो. आम्ही प्रत्येक चिंधी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि नंतर कठड्यावर एकेक सुटी पसरून वाळवली.

२०२४ च्या पावसाळ्यात डेकवर ताडपत्री घातली नाही. काकांना ही गोष्ट जड गेली. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीला त्यांनी मला फोन करून फक्त "पडतोय" एवढेच सांगितले. त्यांच्याकडे दोनच कामे होती: आठवड्यातून एकदा कोपऱ्यातील जाळी साफ करणे, आणि फटींत अडकलेली पाने काढणे. ऑगस्टच्या अखेरीस, दोन दिवसांच्या उघडिपीनंतर घेतलेल्या नोंदी फळ्यांत १७ ते १९ आणि बॅटनमध्ये १९ ते २० टक्के आल्या. नोव्हेंबरमध्ये त्या १४ टक्क्यांच्या आसपास आल्या होत्या. रंग फिका झाला आहे आणि कठड्यालगत थोडी करडी झाक आली आहे. पाण्याचे थेंब टाकले तर मधल्या भागात ते मोत्यासारखे उभे राहतात, कठड्यालगत मात्र मुरतात. त्या पट्टीला तेलाचा एक हात देण्याची वेळ झाली आहे एवढाच त्याचा अर्थ.

दोन गोष्टी मनासारख्या झाल्या नाहीत. उलट्या बसवलेल्या पाच फळ्यांपैकी एक मध्यभागी तीन मिलिमीटर खोलगट झाली आहे आणि तिच्यावर पाणी थांबते. जुन्या वाकाकडे पाहून ती तेव्हाच बाद करायला हवी होती, तिची पाठ स्वच्छ होती म्हणून मी मोहात पडले. दुसरी गोष्ट दक्षिणेच्या भिंतीलगतची. तिथे एसीच्या बाहेरच्या यंत्राचे पाणी ठिबकत होते, भिंतीवर शेवाळ आले होते, आणि त्या टोकाच्या बॅटनची ऑगस्टमधील नोंद २३ टक्के होती. पाण्याची नळी आता थेट जाळीपर्यंत नेली आहे, तरीही भिंत आणि डेक यांच्यात वारा खेळायला जागा अपुरी आहे. डिसेंबरमध्ये शेवटची रांग उचलून तिची फळी २० मिलिमीटर अरुंद करायची आणि खोलगट फळीही त्याच वेळी बदलायची, असे ठरले आहे. रे रोडहून आणलेल्या लाकडातला एक तुकडा त्यासाठी काकूंच्या माळ्यावर ठेवलेला आहे.

तुळस वायव्येच्याच कोपऱ्यात आहे. तिच्यासाठी डेकचा दोन फूट चौरस कोपरा कापून मोकळा ठेवला आणि कुंडी कोब्यावर कडाप्प्याच्या तीन पायांवर ठेवली. काकू सकाळी तांब्या ओततात तेव्हा पाणी कुंडीतून कोब्यावर, कोब्यावरून जाळीकडे जाते, आणि आठ वाजेपर्यंत तिथली लादी कोरडी झालेली असते.